आतडी चिकटली, फाइल तोंडी मागितली

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न. 2022 च्या मे महिन्यात पुण्यात पोट उघडून गर्भपिशवी काढली. जानेवारी 2023 ला पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली, रिपोर्टात 'आतडी चिकटलेली असावीत'. सप्टेंबर 2024 ला आतड्यात अडथळा आला आणि मिरजेत दुसरं ऑपरेशन झालं. पहिल्या डॉक्टरांनी आतडी चिकटू नयेत म्हणून लावतात तो विरघळणारा पडदा लावला नव्हता, दावा होईल का? अशी पत्रं बरीच येतात.

ताई, निव्वळ पडदा न लावल्यावर दावा टिकणं अवघड. पोट उघडलं की बहुतेकांची आतडी थोडीफार चिकटतात, आणि तो पडदाही खात्रीचा उपाय नाही. संमतीपत्रात हा धोका लिहिला होता का, हा मुद्दा वेगळा. कागद पाहिल्याशिवाय त्यावर बोलत नाही.

तुमचं सगळं अडतंय ते ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 वर. मुदत दोन वर्षं. पण कधीपासून? तुम्ही सप्टेंबर 2024 पासून मोजताय, समोरचे वकील जानेवारी 2023 पासून मोजतील. तुम्ही मोठ्या भरवशानं पाठवलेला सोनोग्राफीचा कागद त्यांच्याच हाती पडणार! सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या श्रीखंडे निकालात पोटात गॉज, म्हणजे ऑपरेशनात वापरतात ती जाळीदार पट्टी, राहिलं होतं, तरी वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढल्यानं तक्रार मुदतबाह्य ठरली. आपलं उत्तर असं: सोनोग्राफीत चिकटलेली आतडी नीट दिसतातच असं नाही, 'असावीत' म्हणजे शंका, खात्री झाली ती मिरजेत पोट उघडल्यावर. तरीही तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्ज जोडाच. आणि नोटिसा पाठवत किंवा मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करून वाट पाहत बसू नका, त्यानं मुदत थांबत नाही.

आता फाइल. तुम्ही ती पुण्यात दोनदा 'तोंडी मागितली'. तोंडी मागण्याला पुरावा काय? लेखी मागितली तर 72 तासांत द्यावी लागते, पण आंतररुग्णाचे कागद तीनच वर्षं जपायचं बंधन आहे. ती वर्षं मे 2025 मध्येच सरली. तरीही आजच स्पीड पोस्टानं अर्ज टाका. डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. ऑपरेशन नोट हवी.

मिरजेची फाइल त्याहून मोलाची. तिथं काढलेला तुकडा तपासणीला गेला होता का, ते आधी विचारा. त्या रिपोर्टात हातमोज्यांची पावडर किंवा गॉजचा धागा, आणि त्याभोवती गाठ निघाली, तर पहिल्या ऑपरेशनमधलं काही पोटात राहिल्याचा पुरावा मिळतो आणि तुमची केस पार बदलते. लॅबमध्ये त्या तुकड्याची स्लाइड आणि तो बसवलेला मेणाचा ब्लॉक असतो, तो जपून ठेवा म्हणून लेखी कळवा. यातलं काहीच नसेल तर मी खर्चात पडा म्हणणार नाही.

तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच होईल, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पुण्याला खेटे नकोत. ऑपरेशनसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. ते वाचून पुढचं काही ठरवू नका.