पटावरचे प्रश्न : हल्ला ओसरल्यावर काय खेळायचे?

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत पाळीने काम करतो. बुद्धिबळ लहानपणी काकांकडून शिकलो आणि आता कामावरून आल्यावर मोबाइलवर ऑनलाइन खेळतो, बहुतेक तीन मिनिटांचे डाव. रेटिंग १४०० च्या आसपास येऊन अडकले आहे. माझी शैली आक्रमक आहे. पांढरी मोहरी असली की मी इटालियन ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) खेळतो आणि चौथ्या चालीला घोडा जी५ या घरात नेऊन एफ७ च्या प्याद्यावर हल्ला चढवतो. काळी मोहरी असली तर पांढऱ्याच्या ई४ या पहिल्या चालीला स्कँडिनेव्हियन बचाव आणि बाकी सगळ्याला किंग्ज इंडियन बचाव खेळतो. डाव वीस-पंचवीस चालींत आटोपला तर मी जिंकतो, लांबला तर बहुधा हरतो. मी ओपनिंग बदलावे का? पुढे कोल्हापूर किंवा सांगलीत आंतरराष्ट्रीय गुणांकन स्पर्धेत उतरण्याची इच्छा आहे. जिंकलेल्या आणि हरलेल्या काही डावांच्या चाली सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, कदमवाडी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही पाठवलेले सर्व डाव मी पटावर मांडून पाहिले. तुमच्याजवळ एक गोष्ट निश्चित चांगली आहे. प्रतिस्पर्ध्याचा राजा उघडा पडला की तुमची मोहरी त्याच्याभोवती फार लवकर जमतात, आणि बळी देताना तुमचा हात अडखळत नाही. मात्र ज्याला तुम्ही आक्रमक शैली म्हणता, तिच्यात आक्रमणापेक्षा घाईचा वाटा मोठा आहे. तुमचे विजय पाहिले, तर त्यांतील बऱ्याच डावांत समोरच्याला ठरावीक सापळा माहीत नव्हता. पराभव पाहिले, तर त्याला तो माहीत होता आणि त्यानंतर काय करायचे याची तुमच्याकडे योजना नव्हती.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते तुमच्या आवडत्या जी५ च्या घोड्यात. काळ्याने डी५ खेळून प्यादे पुढे केले, तुम्ही ते मारले आणि त्याने घोड्याने डी५ चे प्यादे परत घेतले, की तुम्ही एफ७ वर घोड्याचा बळी देता. फ्राइड लिव्हर या नावाने ओळखला जाणारा हा हल्ला खरोखरच धोकादायक आहे, आणि तेथे तुम्ही चांगले खेळता. परंतु जाणकार प्रतिस्पर्धी प्यादे परत घेत नाही. तो सी६ चा घोडा ए५ वर नेऊन तुमच्या उंटावर चाल करतो. तुम्ही बी५ वरून शह देता, तो सी६ ला प्यादे पुढे करतो, प्याद्यांची मारामारी होते, तुमचा उंट मागे ई२ वर येतो, मग एच६ च्या प्याद्याने तुमचा घोडा हुसकावला जातो आणि त्यामागोमाग ई४ चे प्यादे त्याच घोड्यावर पुन्हा धावून येते. आता या स्थितीकडे शांतपणे पाहा. तुमच्याकडे एक प्यादे जास्त आहे. त्याच्याकडे मोहरी बाहेर काढण्यातील आघाडी, मोकळ्या रेषा आणि पुढाकार आहे. म्हणजे येथे हल्ला करणारा तो आहे आणि बचाव करणारे तुम्ही. स्वतःला आक्रमक म्हणवणारा खेळाडू चौथ्या चालीला अशी वाट निवडतो, जिच्या शेवटी त्याला जास्तीचे प्यादे सांभाळत चिवटपणे बचाव करावा लागतो, आणि नेमके तेच त्याला नको असते. तुम्ही पाठवलेल्या डावांत या स्थितीत तुम्ही प्रत्येक वेळी किल्लेकोट (राजा बाजूला नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणण्याची चाल) लांबवून वजीर बाहेर काढला आहे आणि प्रत्येक वेळी तो वजीर पळवण्यात चाली खर्ची पडल्या आहेत.

तेव्हा ओपनिंग बदलू नका. इटालियनच ठेवा, फक्त चौथ्या चालीला डी३ खेळा. पुढे सी३, किल्लेकोट, हत्ती ई१ वर, आणि वजिराच्या बाजूचा घोडा डी२ व एफ१ मार्गे जी३ वर, असा तो संथ मांडणीचा प्रकार आहे. पहिले काही आठवडे तो तुम्हांला कंटाळवाणा वाटेल. पण जी३ वर पोहोचलेला घोडा एफ५ कडे पाहू लागतो, वेळ साधून डी४ ची चाल होते, आणि मग जो हल्ला उभा राहतो त्याच्यामागे सगळी मोहरी असतात. जी५ चा घोडा कायमचा सोडा असे मी म्हणत नाही. तो खेळायचा असेल, तर काळ्याचा घोडा ए५ वर आल्यानंतरच्या बचावाचा अभ्यास करून खेळा.

स्कँडिनेव्हियनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो भक्कम बचाव आहे, तुम्हांला जमतो आहे, तसाच राहू द्या.

किंग्ज इंडियनचे तसे नाही. ही मांडणी तुम्ही डी४ ने सुरू होणाऱ्या प्रत्येक डावात एकाच ठशाने खेळता : जी६, उंट जी७ वर, किल्लेकोट, डी६, ई५ आणि मग कसलाही विचार न करता एफ५. एफ५ ची चाल या बचावाचा प्राण आहे हे खरे. पण ती जोरकस ठरते ती पांढऱ्याचे प्यादे डी५ वर सरकून मध्य बंद झाल्यानंतर, कारण त्यानंतर पांढऱ्याला मध्यातून प्रतिवार करता येत नाही. तुमच्या दोन डावांत डी४ आणि ई५ ची प्यादी अजून समोरासमोर उभी असताना तुम्ही घोडा हलवून एफ५ खेळलात. पांढऱ्याने मध्यात मारामारी करून रेषा मोकळ्या केल्या आणि ज्या राजाच्या पुढची प्यादी तुम्ही स्वतःच पुढे ढकलली होती, त्याच राजावर त्याचे उंट-वजीर येऊन बसले. कास्टिंग निवण्याआधी साचा फोडला तर काय हाती येते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

लंडन पद्धतीविरुद्ध, म्हणजे पांढरा डी४ नंतर लगेच उंट एफ४ वर आणतो तेव्हा, हीच मांडणी चुकीची नाही, पण तिला धार नसते, कारण सी४ चे प्यादेच तेथे नसते आणि मध्य सहसा बंद होत नाही. अशा वेळी लवकर सी५ खेळून वजीर बी६ वर आणावा. सी१ चा उंट बाहेर पडल्यामुळे बी२ चे प्यादे राखणदाराविना उरलेले असते आणि पांढऱ्याला त्याची दखल घ्यावीच लागते.

एवढे सगळे ओपनिंगविषयी लिहिले, कारण तुम्ही ते विचारलेत. तुमचे रेटिंग मात्र ओपनिंगमुळे अडलेले नाही. ते अडले आहे ते वजीर पटावरून उतरल्यानंतर. त्यासाठी तुमचा हरलेला एक डाव येथे मुद्दाम घेतो. पांढऱ्याचा राजा ई५ वर, प्यादे डी५ वर, हत्ती एच७ वर, तुमचा राजा डी८ वर, हत्ती ए६ वर, चाल तुमची. ही स्थिती अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू आणि संगीतकार फिलिडोर याच्या नावाने ओळखली जाते आणि बरोबरी करण्यासाठी येथे काहीही करावे लागत नाही. हत्ती सहाव्या आडव्या ओळीतच ठेवायचा, ए६ वरून बी६, बी६ वरून ए६, एवढेच. त्यामुळे पांढऱ्याच्या राजाला सहाव्या ओळीत पाऊल टाकता येत नाही. कंटाळून त्याने प्यादे डी६ वर ढकलले, की त्याच क्षणी हत्ती खाली ए१ वर न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. प्यादे पुढे निघून गेल्यामुळे त्याच्या राजाला आडोसा उरलेला नसतो.

तुम्ही काय केलेत? प्यादे डी५ वरच असताना हत्ती ए१ वर नेला. त्याचा राजा ई६ वर आला. तुम्ही ई१ वरून शह दिला, राजा डी६ वर गेला, आणि आता खालून शह देण्याची वाट त्याच्याच डी५ च्या प्याद्याने अडवली. येथूनही राजा सी८ वर सरकवून झुंजता आले असते. पण घड्याळात मोजके सेकंद उरले असताना तुम्ही त्या प्याद्यावर नेम धरून हत्ती डी१ वर नेला आणि त्याने हत्ती एच८ वर ठेवून मात केली. जे ज्ञान अर्ध्या तासात मिळवता येते, त्याच्या अभावी चाळीसहून अधिक चालींची मेहनत वाया गेली. तुमच्या हातून निसटलेल्या अर्ध्या गुणांची कथा बहुतेक ठिकाणी अशीच आहे. प्यादे आणि राजा यांचे शेवट, त्यानंतर हत्तीचे शेवट, या क्रमाने अभ्यास सुरू करा. उंट आणि घोड्यांचे नंतर पाहता येईल.

तीन मिनिटांच्या डावांतून हे शिकणे जवळजवळ अशक्य आहे. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अशा झटपट डावांत, शेवट खेळला जात नाही, तो घड्याळावर ढकलला जातो. मनोरंजन म्हणून खेळा, पण अभ्यासाचा डाव वेगळा ठेवा : १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंदांची भर. पाळीवरून दमून आल्यावर असा एकच डाव झाला तरी पुरे. तो संपताच संगणकाचे विश्लेषण उघडू नका. आधी स्वतः चाली पुन्हा पाहा, डाव कोठे फिरला असे तुम्हांला वाटते ते वहीत एका वाक्यात लिहा आणि मग संगणकाला विचारा. तुमचे वाक्य आणि त्याचे उत्तर यांत जी तफावत दिसेल, तीच तुमची उणीव आहे आणि कोणताही प्रशिक्षक तिच्याहून अधिक नेमके सांगू शकणार नाही.

बुद्धिबळाच्या कोड्यांबाबतही एक सावधगिरी बाळगा. कोडे समोर आले, की येथे काहीतरी आहे हे आधीच कळलेले असते. डावात ते कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक चालीपूर्वी, प्रतिस्पर्ध्याने आत्ताच केलेल्या चालीमागे त्याला काय हवे आहे, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावा. तुमच्या पराभवांतील फुकट गेलेली मोहरी पाहता, हा प्रश्न तुम्ही केवळ स्वतःच्या हल्ल्यापुरताच विचारता असे दिसते.

स्पर्धेबद्दल : ऑनलाइन रेटिंग आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे गुणांकन यांची थेट तुलना करू नका. लिचेस या संकेतस्थळावर नवा खेळाडू १५०० पासून सुरुवात करतो, तर फिडेने १ मार्च २०२४ पासून गुणांकनाची किमान मर्यादा १००० वरून १४०० वर नेली आहे. दोन्हींचे माप वेगळे. शिवाय दहा मिनिटांचा जो डाव मोबाइलवर रॅपिड (जलद) म्हणून मोजला जातो, तो फिडेच्या नियमांनुसार ब्लिट्झ ठरतो. पहिले गुणांकन मिळण्यासाठी गुणांकित खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाने बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या काळापासून स्पर्धांची परंपरा जपलेली आहे, आणि कोल्हापूरच्या खेळाडूला ती घरच्यासारखी जवळ आहे. माझे मत असे, की पहिल्या स्पर्धेत गुणांकनाची आशा न धरता केवळ लांब डाव कसा खेळला जातो हे अनुभवण्यासाठी जावे.

प्रश्न : माझ्या डावांच्या संगणकीय विश्लेषणात कधी ९० टक्क्यांहून अधिक अचूकता दिसते आणि कधी ६० च्या आसपास. खेळ इतका कसा बदलतो?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खेळ तितका बदलत नाही, डाव बदलतो. प्रतिस्पर्ध्याने सुरुवातीलाच वजीर गमावला, तर पुढच्या चाली सोप्या असतात आणि टक्का आपोआप चढतो. गुंतागुंतीच्या डावात उत्तम खेळाडूचाही टक्का उतरतो. या आकड्याकडे दुर्लक्ष करून केवळ ज्या चालीला डावाचे पारडे फिरले, ती चाल शोधावी.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा ऑनलाइन चांगला खेळतो, पण शाळेच्या स्पर्धेत लाकडी पटावर गोंधळतो. काय करावे?
— एक पालक, कागल

उत्तर : पडद्यावर पट वरून सपाट दिसतो, खऱ्या पटावर तो तिरका दिसतो, त्यामुळे लांबवरच्या उंटाची नजर मुलांच्या ध्यानात येत नाही. मोबाइलवरील कोडे त्याला घरच्या पटावर मांडून सोडवायला सांगा, म्हणजे ही सवय मोडते. दुसरी अडचण हाताची आहे. मोबाइलवर मोहऱ्याला बोट लावून सोडून देता येते. पटावर स्वतःच्या मोहऱ्याला खेळण्याच्या हेतूने हात लावला, की शक्य असल्यास तेच हलवावे लागते. सरकलेले मोहरे केवळ नीट ठेवायचे असेल, तर स्वतःची चाल असताना आणि हात लावण्यापूर्वी तसे बोलून दाखवावे लागते. घरी त्याच्याशी खेळताना हा नियम तुम्हीही पाळा, आणि खेळताना त्याला हात मांडीवर ठेवायला लावा.