डच भाषकांना इंग्रजी मोडल आणि जेरंड शिकवताना नेमकं कुठं अडतं?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही उट्रेख्टमध्ये डच सहकाऱ्यांना इंग्रजी शिकवता, ते बोलतात अस्खलित, पण ई-मेल लिहिताना मोडल क्रियापदं ('कॅन', 'मस्ट', 'शुड' यांसारखी) आणि 'आयएनजी' रूपं (जेरंड, म्हणजे नामासारखं वापरलेलं 'सीइंग' सारखं रूप) हमखास चुकतात, तर सुरुवात कुठून करावी?

मीही डच भाषकांनाच शिकवतो. माझं स्पष्ट मत: नियमांची यादी देऊ नका, ती त्यांनी शाळेतच पाठ केलेली असते. चूक डचमधून येते, म्हणून डच वाक्य शेजारी मांडूनच ती सोडवावी लागते.

आधी 'मस्ट'चा नकार घ्या, कारण तिथं अर्थच उलटतो. नेदरलँड्सच्या डचमध्ये गरज नसेल तर 'हूवन' हे वेगळं क्रियापद आहे: 'ये हूफ्ट नीट टे कोमन', म्हणजे यायची गरज नाही. मनाई असेल तर 'माख नीट'. तेव्हा 'हूफ्ट नीट' म्हणजे 'डोंट हॅव टू' आणि 'माख नीट' म्हणजे 'मस्टंट', अशा जोड्या लावून दिल्या की काम बरंचसं भागतं. वर्गात बेल्जियमचा कोणी असेल तर मात्र सावध राहा. तिथल्या फ्लेमिश बोलीत 'ये मूट नीट कोमन' ('मूट' म्हणजे 'मस्ट') हे 'नाही आलास तरी चालेल' या अर्थानं सर्रास बोलतात. असा माणूस 'यू मस्टंट कम टुमॉरो' लिहितो आणि वाचणाऱ्याला वाटतं, उद्या येऊच नको म्हणतोय. त्यामुळे कोण कुठला ते आधी विचारून घ्या.

दुसरी अडचण रचनेची. डच मोडल ही पूर्ण क्रियापदं आहेत, त्यांना मूळ रूप असतं आणि ती एकटीही उभी राहतात. इंग्रजी मोडलना ते जमत नाही. म्हणून 'आय विल कॅन कम' (हवं: 'आय विल बी एबल टू कम') आणि 'आय मस्ट टू होम' अशी वाक्यं येतात. 'इक विल कॉफी' म्हणजे मला कॉफी हवी. त्यातला 'विल' तसाच उचलून इंग्रजीत ठेवतात. मोडलच्या मागोमाग साधं क्रियापद आहे का, एवढं तपासायची सवय लावा.

सर्वात जास्त वेळ भूतकाळाला द्या. 'इक मूस्ट हेट डून' म्हणजे मला ते करावं लागलं: 'आय हॅड टू डू इट'. 'इक हाट हेट मूटन डून' म्हणजे करायला हवं होतं, पण केलं नाही: 'आय शुड हॅव डन इट'. दुसऱ्या वाक्यात 'हाट' (म्हणजे 'हॅड') दिसला की विद्यार्थी 'आय हॅड टू' लिहून मोकळा होतो, आणि न केलेलं काम केलं असं कागदावर येतं. हिशेबाच्या किंवा तक्रारीच्या पत्रात हे महागात पडतं. दोन्ही प्रकारची दहाएक डच वाक्यं मिसळून द्या. इंग्रजी लिहिण्याआधी प्रत्येकापुढे 'काम झालं' की 'नाही झालं' एवढंच लिहायला लावा. 'नाही झालं' असेल तर मोडल आधी, मग 'हॅव', मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'कुड हॅव'लाही हाच साचा.

'इफ आय वुड हॅव टाइम' ही चूक 'वुड'च्या जागी येणाऱ्या डच 'झौ'मुळे होते. अटीच्या भागात 'वुड' नको, 'इफ आय हॅड टाइम' म्हणा. इथं यापेक्षा जास्त खोलात जायची गरज नाही.

जेरंडचं मूळ दुखणं म्हणजे 'टे', इंग्रजी 'टू'सारखा डच शब्द. डचमध्ये 'झॉन्डर टे' ('विदाउट'), 'डोर टे' ('बाय') अशा शब्दयोगी अव्ययांनंतर 'टे' आणि मूळ क्रियापद येतं. त्यातूनच 'विदाउट टू से', 'बाय टू प्रॅक्टिस' तयार होतात. इंग्रजीत प्रेपोझिशननंतर 'आयएनजी'च. 'बट' आणि 'एक्सेप्ट' हे अपवाद. फसवतो तो 'लुक फॉरवर्ड टू', कारण तिथला 'टू' त्यांना 'टे'च वाटतो. यावर एक चाचणी आहे: 'टू'नंतर 'इट' ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून पुढे 'सीइंग यू'. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणून 'टू सी यू'. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' आणि 'आय यूज्ड टू स्मोक' यांतला फरकही याच चाचणीनं कळतो.

'सजेस्ट', 'अव्हॉइड', 'एन्जॉय', 'माइंड', 'फिनिश' यांना मात्र पाठांतराशिवाय इलाज नाही. ऑफिसच्या ई-मेलमध्ये 'आय सजेस्ट टू मीट ऑन फ्रायडे' सारखं दिसतं, म्हणून 'सजेस्ट मीटिंग'पासून सुरू करा. 'स्टॉप'मध्ये दोन सापळे आहेत. डच सवयीनं 'स्टॉप विथ स्मोकिंग' होतं, तिथला 'विथ' काढा. आणि 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे सिगारेट सोडली, पण 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगारेट ओढायला थांबला, सोडली नाही, ही दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहून दाखवा.