सीडी४-क्रे वापरलं, मग सीडी८ पेशींतलंही जनुक का गेलं?

तुम्हाला उंदरात एक जनुक सीडी४ आणि सीडी८ या टी पेशींच्या दोन प्रकारांपैकी फक्त सीडी४ पेशींतून काढायचं होतं. म्हणून सीडी४ च्या स्विचवर चालणारं क्रे, म्हणजे डीएनए कापणारं विकर, वापरलंत, पण जनुक सीडी८ मधूनही गेलं. शिवाय टी पेशी कमी दिसतात, म्हणजे हे जनुक त्यांच्या घडणीला लागतं का, असंही विचारलंय.

पहिलं सोपं आहे. थायमसमध्ये, म्हणजे टी पेशी घडतात त्या अवयवात, दोन्ही पेशी आधी डबल पॉझिटिव्ह (सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या) टप्प्यातून जातात आणि सीडी४-क्रे तिथवर चालू झालेलं असतं. एकदा कापलेला डीएनए परत येत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही.

दुसऱ्याबद्दल मीच विचारते: नुसतं क्रे असलेला, फ्लॉक्स जनुक (दोन्ही बाजूंना लॉक्सपी, म्हणजे क्रे जिथे कापतं त्या खुणा, लावलेलं) नसलेला उंदीर कंट्रोलला आहे का?

पीएचडीत माझ्याकडे एलसीके-क्रे, म्हणजे एलसीके जनुकाच्या स्विचवर चालणारं क्रे, होतं. ते त्याहून आधी, डबल निगेटिव्ह (सीडी४, सीडी८ दोन्ही नसलेल्या) टप्प्यातच चालू होतं. पाच आठवड्यांचा उंदीर उघडला, हृदयावरच्या थायमसच्या दोन पांढऱ्या पाळ्या चिमट्याने उचलल्या, तर भावंडांच्यापेक्षा नजरेलाच लहान. मोजल्या तर पेशी निम्म्याच. सर खूश, पेपरची आकृती ठरलीसुद्धा. मी म्हटलं, क्रे-ओन्ली हवा. ते म्हणाले, क्रे नसलेली फ्लॉक्स भावंडं पुरेत, पिंजरे कशाला वाढवायचे? चार महिने हाच वाद. शेवटी मी एक वेगळी जोडी लावलीच. पिल्लांच्या कानाचे तुकडे घेतले, पीसीआर केला, क्रे-ओन्ली पिल्लं निवडली. त्यांचा थायमसही तितकाच लहान! आमच्या जनुकाचा संबंधच नव्हता. क्रे जास्त झालं की लॉक्सपीसारख्या दिसणाऱ्या जागांवरही डीएनए कापतं आणि भराभर विभागणाऱ्या पेशी मरतात. एलसीके-क्रे थायमसला बाधतं हे इतरांनीही छापलंय.

क्रे नसलेली भावंडं पुरतात असं सांगणारा माणूस चूक सांगतो, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

आता एक खरं, सीडी४-क्रे उशिरा चालू होतं, तेव्हा तुमच्याकडे हेच घडलं असेल असं नाही. थायमसचे आकडेही बघा. तिथे सगळं सारखं आणि फक्त प्लीहेत पेशी कमी असतील, तर बहुधा घडण ठीक आहे, पेशी पुढे टिकत नाहीयेत.

पण जोडी आजच लावा. पिल्लं यायला तीन आठवडे, थायमस मोजण्याजोगा व्हायला आणखी पाच. पिंजऱ्यांचा खर्च कोणी काढलाच, तर आमची ती आकृती फेकून द्यावी लागली हे सांगा.