जुन्या गाडीत भंगारातला स्टिरिओ बसवताना

स्टिरिओ भंगारातल्या गाडीतून काढलास ते ठीक, पण मागचा प्लग वायरींसकट कापून आणलास ना? नसेल तर परत जा. त्या वीतभर वायरींनी निम्मं काम वाचतं. आणि सेट चोरीविरोधी कोड मागत असेल, तर कोडशिवाय तो नुसता डबा.

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ. गाडीच्या कंपनीचा नसलेल्या, बाजारातून वेगळा घेतलेल्या सेटमध्ये बहुधा पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावरच वीज येणारी, काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची. गाडीकडच्या वायरींच्या रंगांवर मात्र विसंबू नकोस, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लाव. पिवळी-लाल उलट जोडलीस तर चावी काढली की सेव्ह केलेली स्टेशनं गेली.

खरी मेख स्पीकरमध्ये आहे. जुन्या गाड्यांत कधीकधी स्पीकरची एक वायर थेट बॉडीला अर्थ केलेली असते. नंतरच्या बहुतेक सेटना हे चालत नाही, आतला अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. माझा एक असाच गेला, दहा मिनिटांत. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी ओढ. कंटाळवाणं काम आहे, पण इलाज नाही.

जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नकोस, उष्णतेने गोंद सुटतो. सोल्डर करून हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढव. डॅशबोर्डमध्ये ढकलण्याआधी सगळे स्पीकर वाजवून बघ.