विदर्भातल्या खेड्यातला, समुद्र न पाहिलेला मुलगा जहाजाचा कॅप्टन होऊ शकतो का? दिशा आणि हवामान आतापासून कसं शिकायचं?

तू विचारलंस ते थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतोस, बारावी सायन्सला आहेस, मर्चंट नेव्हीत जाऊन कॅप्टन व्हायचंय, पण समुद्र अजून पाहिलेला नाही. कोकणातल्या पोरांना वारा, भरती, दिशा लहानपणापासून कळतात, मग आपण मागे पडू का, आणि आतापासून काय शिकावं? वयानं बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

मागे पडणार नाहीस. माझं गाव दारव्हा तालुक्यात. घरी सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मी समुद्र पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी, मुंबईला प्रवेशासाठी गेलो तेव्हा. आज सहा वर्षं झाली कॅप्टन म्हणून जहाजावर जातोय, सध्या सुटीवर गावी आहे. किनाऱ्यावरच्या मुलांना उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती) हे शब्द आधीपासून माहीत असतात हे खरं. पण भरतीचं कोष्टक वाचायला सगळे कॉलेजातच शिकतात. ते दोन महिन्यांत जमतं.

आणि समुद्राचं हवामान तू पाहिलेलं नाहीस, असं तुला वाटतं, तिथेच चूक आहे. श्रावणात आपल्याकडे झड लागते ना? तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, वावरात पाय ठेवता येत नाही, डवरणी अडून राहते. ती झड बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातून आलेली असते. तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतो, छत्तीसगड ओलांडून मध्य प्रदेशाकडे सरकतो. अशा पावसाळी डिप्रेशनचा सगळ्यात जोराचा पाऊस त्याच्या मध्याच्या नैऋत्येला पडतो, आणि ते आपल्या ईशान्येला असतं तेव्हा आपण नेमके तिथे असतो. म्हणजे ज्या वादळाला बंगालच्या उपसागरातली जहाजं चुकवत असतात, त्याचाच उतरता भाग तू दर पावसाळ्यात घरी बसून पाहतोस. फक्त पाहून लिहून ठेवत नाहीस.

पुढच्या झडीत एवढं कर. झाडं-घरं नसतील अशा ठिकाणी, वावराच्या धुऱ्यावर, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहा. उत्तर गोलार्धात कमी दाबाचा मध्य तुझ्या उजव्या हाताला, जरासा मागच्या बाजूला असतो. हा बाइज बॅलटचा नियम, १८५७ सालापासून जगभरचे खलाशी तो वापरतात. पहिल्या दिवशी वारा वायव्येकडून येत असेल तर उजवा हात ईशान्येकडे जातो, म्हणजे छत्तीसगडच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी वारा पश्चिमेकडून आला तर डिप्रेशन तुझ्या बरोबर उत्तरेला पोचलं. नंतर वारा नैऋत्येचा झाला की ते पुढे निघून गेलं. वारा असा घड्याळाच्या उलट्या दिशेनं सरकला, याचा अर्थ तू वादळाच्या मार्गाच्या डाव्या बाजूला आहेस. मग हवामान खात्याचा त्या दिवसाचा नकाशा मोबाइलवर उघड आणि ताडून पाहा. जमिनीवर वारा थोडा वाकडातिकडा होतो, तरी नियम बऱ्यापैकी जुळतो. पहिल्यांदा जुळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

समुद्रावर या डाव्या-उजव्याला फार किंमत आहे. आपल्या गोलार्धात वादळाच्या मार्गाची उजवी बाजू धोक्याची. तिथे वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा पुढे जायचा वेग यांची बेरीज होते, आणि वारा जहाजाला वादळाच्या पुढे, त्याच्या वाटेत ढकलतो. उजव्या बाजूला असलास तर वारा घड्याळाच्या दिशेनं सरकतो. ही गोष्ट मी कशी शिकलो ते जरा सविस्तर सांगतो.

मी थर्ड ऑफिसर होतो, आठ ते बाराचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. नोव्हेंबर महिना. पारादीपला लोहखनिज भरून सिंगापूरकडे निघालो होतो. अंदमानच्या बाजूला डिप्रेशन असल्याचा इशारा आला होता, पण तो सहा तास जुना. सकाळपासून आग्नेयेकडून लांब, संथ लाटा येत होत्या. वारा तर साधा होता. त्या लाटा वादळाच्या पुढे धावत आलेल्या होत्या, हे मला तेव्हा उमगलं नाही.

उष्ण कटिबंधात वायुदाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक दोन-तीन मिलिबारचा. दुपारी चारला बॅरोमीटर १००८ होता. रात्री आठला वॉच घेतला तेव्हा मी कामाच्या गडबडीत न बघताच लॉगबुकात (जहाजाच्या नोंदवहीत) १००९ लिहून टाकलं. या वेळी चढतोच, चढला असेल, असं धरून. दहाला कॅप्टनसाहेब ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, आले, बॅरोमीटरच्या काचेवर बोटानं टकटक केली, वाकून पाहिलं. १००५.

"दोन तासांत चार मिलिबार पडला?" त्यांनी विचारलं.

मी गप्प. मग खरं सांगितलं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पाहिला नव्हतास तर जागा रिकामी सोडायची. तुझ्या आकड्यावरून मी ठरवणार की वादळ किती जवळ आलंय." सहा तासांत तीन मिलिबार पडणं वेगळं आणि दोन तासांत चार पडणं वेगळं. ऋतूच्या सरासरीपेक्षा, रोजचा चढउतार धरून, तीन मिलिबारनं कमी दिसला तर शंका घ्यायची, पाच किंवा जास्त कमी झाला तर वादळ जवळ आहे असं समजूनच वागायचं. माझ्या खोट्या नोंदीमुळे दाब किती वेगानं पडतोय ते काढायला त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "वारा कुठून कुठे सरकला?" ते मात्र मी पाहिलं होतं. संध्याकाळी ईशान्येचा, आता जवळजवळ पूर्वेचा. घड्याळाच्या दिशेनं सरकला, म्हणजे आम्ही उजव्या बाजूला. त्यांनी जहाज वळवून ईशान्येकडे तोंड केलं, वारा नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) उजव्या अंगावर घेतला आणि वारा सरकेल तसं जहाजही उजवीकडे वळवत नेलं. दीड दिवस हाल झाले, पण मध्यापासून लांब राहिलो. तेव्हापासून माझ्या जहाजावर कोणी न बघता आकडा लिहिला तर मी खपवून घेत नाही.

या शास्त्राचा जन्मच नोंदींतून झालाय. 'सायक्लोन' हा शब्द कोलकात्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाचा माणूस तिथे बसून उपसागरातून आलेल्या जहाजांची लॉगबुकं गोळा करायचा, कुठल्या जहाजाला कुठल्या तासाला कुठून वारा लागला ते नकाशावर मांडायचा, आणि त्यातून वादळ वेटोळं घालून फिरतं हे त्यानं दाखवलं. शब्द त्यानं १८४८ मध्ये छापला. त्या खलाशांनी खोटे आकडे लिहिले असते तर त्याच्या हाती काय लागलं असतं?

उलट उदाहरणही तुला माहीत हवं. १ ऑक्टोबर २०१५ ला 'एल फारो' हे अमेरिकी मालवाहू जहाज बहामाजवळ हवाकीन चक्रीवादळात बुडालं, ३३ जणांपैकी एकही वाचला नाही. चौकशीत दिसलं की कॅप्टन ज्या सेवेचे हवामान-नकाशे बघत होता ते कित्येक तास शिळे होते, आणि रात्री हाताखालच्या अधिकाऱ्यांनी मार्ग बदलण्याचं सुचवलं होतं. ब्रिजवरचं ते संभाषण मी वाचलंय. झोप लागली नाही त्या रात्री.

आता आकाश. तुझ्या घरी पंचांग असेलच. मृग लागला, आर्द्रा लागल्या, मघा बरसल्या, हे तू ऐकतच मोठा झालास. जहाजाच्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे खलाशांच्या पंचांगात, दिशादर्शनासाठी निवडलेले ५७ तारे असतात. त्यांत रोहिणी आहे, मघा आहे, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा आहेत. नावं तिथे वेगळी, तारे आपलेच. कॉलेजात माझ्या वर्गातली शहरातली मुलं आकाश ओळखायला चाचपडत होती, कारण त्यांनी अंधार पाहिलाच नव्हता. मी पऱ्हाटीची राखण करत रात्री काढल्या होत्या.

आज रात्री ध्रुव शोध. हात पूर्ण लांब करून मूठ धर. मुठीची रुंदी साधारण दहा अंश. सपाट वावरात क्षितिजापासून ध्रुवापर्यंत दोन मुठी भरतील, कारण ध्रुवाची उंची म्हणजे जवळजवळ तुझा अक्षांश, आणि दारव्हा २० अंश १९ मिनिटांवर आहे. सिंगापूरला ध्रुव क्षितिजाला टेकायला आलेला असतो. पूर्वी अरब आणि आपल्याकडचे तांडेल 'कमाल' नावाची लाकडी फळी आणि गाठींची दोरी घेऊन हेच मोजायचे. आज त्यासाठी सेक्स्टंट हे कोन मोजायचं उपकरण आहे, तत्त्व तेच. एक अंश म्हणजे ६० मिनिटं, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर.

रेखांशासाठी अंगण पुरे. १५ एप्रिलच्या सुमारास कर, कारण त्या दिवसांत सूर्य आणि घड्याळ यांच्यातला वर्षभर बदलणारा फरक जवळजवळ शून्य असतो. एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ रोव. अकराच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण कर, वेळ लिही, काठीला सुतळी बांधून त्या खुणेतून वर्तुळ काढ. दुपारी सावलीचं टोक पुन्हा वर्तुळाला शिवेल, ती वेळ लिही. समज ११:०४ आणि १:३४ आले. मधली वेळ १२:१९, ती तुझी खरी दुपार. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवरचं आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. १९ मिनिटं उशीर म्हणजे पावणेपाच अंश पश्चिमेला, म्हणजे ७७ अंश ४५ मिनिटं. दारव्ह्याचा रेखांश ७७ अंश ४६ मिनिटं आहे! दोन खुणांच्या बरोबर मधून काठीपर्यंत रेघ ओढलीस की ती खरी उत्तर-दक्षिण. आणि भर दुपारची सावली सुमारे १९ सेंटिमीटर भरेल. त्यावरून सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून साडेदहा अंशांच्या जरा वर कललाय हे निघतं, त्यात त्या दिवशीची सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या उत्तरेला तो किती अंश आहे ते), साधारण ९.७ अंश, मिळव. अक्षांश आला.

जीपीएस असताना हे कशाला, असं कोणी म्हणेल. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या जहाजांना जीपीएस सांगत होतं की तुम्ही गेलेंजिकच्या विमानतळावर आहात. खोटे सिग्नल सोडले जातात, आणि हे प्रकार आता होर्मुझ आणि तांबड्या समुद्राच्या बाजूलाही होतात. पडदा एक सांगतो, रडार दुसरं, तारा तिसरं, तेव्हा कॅप्टनला ठरवायचं असतं.

टकरीचा मुख्य नियम तर तू सायकलवरही शिकशील. चौफुलीकडे जाताना उजव्या रस्त्यानं एसटी येतेय. ती हँडलच्या एकाच टोकाशी स्थिर दिसत राहिली आणि मोठी होत गेली, तर तुम्ही दोघं चौफुलीवर एकदमच पोचणार. समुद्रावर याला स्थिर बेअरिंग (न बदलणारी दिशा) म्हणतात. समोरून आडवं जाणारं जहाज उजव्या हाताला असेल तर वाट आपण द्यायची, रात्री त्याचा लाल दिवा दिसतो.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो, बाकी डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारचं जहाजवाहतूक महासंचालनालय) संकेतस्थळावर वाच, नियम बदलत असतात. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्समध्ये ६० टक्के, इंग्रजीत ५०, मग आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी) प्रवेश परीक्षा, सीईटी. डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) एक वर्षाचं आणि त्यानंतर १८ महिने समुद्रावर, किंवा तीन वर्षांचं बीएस्सी नॉटिकल सायन्स आणि १२ महिने. मग सेकंड मेटची परीक्षा, पुढे चीफ मेट, पुढे मास्टर, म्हणजेच कॅप्टन. मला थर्ड ऑफिसरपासून कॅप्टन व्हायला अकरा वर्षं लागली. पैसे भरायच्या आधी डोळे तपासून घे, डेकवर, म्हणजे जहाज चालवायच्या कामात, रंगांधळेपणा अजिबात चालत नाही.

आणि एजंट. माझ्या वडिलांनी तुरीचे पैसे, एक लाख रुपये, जहाजावर लावून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला दिले होते. तो परत दिसला नाही. त्या वर्षी बैलजोडी विकावी लागली. जहाजावर नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. कंपनी किंवा एजन्सीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना असावा लागतो आणि त्याची यादी उघड मिळते. घरच्यांना हे आजच सांग, तू सांगायच्या आधी कोणीतरी त्यांच्याकडे पोचलेला असेल.

एक शंभर पानी वही घे. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, ढग, पाऊस. मोबाइलमध्ये दाब मोजायचा सेन्सर असेल तर पहाटे चार, सकाळी दहा, दुपारी चार, रात्री दहा या वेळांचे आकडेही. आपला भाग उंचावर असल्यानं आकडा हजाराच्या खाली दिसेल, त्याची चिंता नको, चढउतार बघ. पहाटे उठला नाहीस तर ती चौकट रिकामी ठेव. काठीचे आकडे आले की इथे लिही. सुटी मेअखेरपर्यंत आहे, गणित तपासून देतो.