ब्लॉग वाचतात सगळे, फोन कोणीच करत नाही

मागच्या अंकात धंद्यासाठी ब्लॉग लिहावा का यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर भरपूर मेल आले. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, वाचक येतात पण काम येत नाही. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत, नावं गाळून.

प्रश्न : नमस्कार. मी ऑफिसांचं इंटिरिअर करते, छोटी टीम आहे. बरीच वर्षं नेमाने ब्लॉग लिहितेय. छोट्या बाल्कनीत झाडं कशी लावायची यावरची एक पोस्ट तर तुफान चालते, रोज लोक येतात, शेअर करतात, कमेंटमध्ये बदाम टाकून जातात. पण ऑफिसच्या कामाची चौकशी म्हणाल तर जवळजवळ नाहीच, जी येते ती ओळखीतून. लिंक सोबत देतेय, बघून सांगा. बंदच करू का हे लिहिणं?

उत्तर : ताई, बंद नका करू, पण त्या बाल्कनीचं कौतुक आता आवरा. जो माणूस कुंडी कुठे टांगू म्हणून शोधत आला त्याला ऑफिस करायचंच नाहीये हो. त्याला कुंडी टांगायची आहे, ती कशी ते तुम्ही छान सांगितलंत, तो खुश होऊन गेला. त्याला तुम्ही "संपर्क करा"ची कितीही बटणं दाखवा, तो तुमचा क्लायंट होणार नाही. म्हणजे वाचकाला ग्राहक करण्याच्या आधीचा प्रश्न असा आहे की मुळात येतंय कोण.

ते बघायला गूगल सर्च कन्सोल उघडा, फुकट आहे. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये पेजेसवर जाऊन एकेक पोस्ट निवडा आणि मग क्वेरीज बघा, लोकांनी गूगलमध्ये नेमके कुठले शब्द टाकले की तुमची पोस्ट दिसली ते तिथे कळतं. 16 महिन्यांपर्यंतचा डेटा असतो, भरपूर झाला. आता त्या शब्दांकडे जरा नीट बघा. "कसे करावे", "घरच्या घरी", "सोपे उपाय", "फोटो" असले शब्द असतील तर तो माणूस स्वतःच करणार आहे किंवा नुसता टाइमपास करतोय. पण "खर्च", "किती दिवस लागतात", "डिझायनर की कॉन्ट्रॅक्टर", "काय विचारावे" असं काही दिसलं तर समजा त्याचा हात खिशाकडे चाललाय. आंद्रेई ब्रोडर नावाच्या संशोधकाने 2002 मध्येच शोधांचे तीन प्रकार सांगून ठेवलेत : कुठल्यातरी ठरावीक साइटवर जायचंय, काहीतरी जाणून घ्यायचंय, किंवा काहीतरी करून टाकायचंय. ब्लॉगवर येणारे बहुतेक दुसऱ्या प्रकारातले असतात, पण त्या दुसऱ्यातही एक छोटा गट असा असतो जो जाणून घेतो तो निर्णय घ्यायला. आपल्याला लिहायचंय ते त्या गटासाठी.

आणि त्यांचे प्रश्न कुठल्या टूलमध्ये शोधत बसू नका, तुमच्याकडेच आहेत. ज्यांनी तुम्हाला काम दिलं त्यांच्याबरोबरचे जुने व्हॉट्सॲप चॅट उघडा, ॲडव्हान्स द्यायच्या आधी त्यांनी काय काय विचारलं होतं ते बघा. माझी पैज आहे की त्यात कोणीतरी विचारलं असणार, "मॅडम, काम चालू असताना स्टाफला घरी बसवावं लागेल का?" झालं, ही तुमची पोस्ट. ऑफिस चालू ठेवून इंटिरिअर करता येतं का. त्यात लिहा की धूळ आणि आवाज कुठल्या कामाचा सगळ्यात जास्त, कुठली कामं सुट्टीच्या दिवशीच करावी लागतात, फॉल्स सीलिंग उघडलं की खालची माणसं कुठे हलवायची, सर्व्हर आणि नेटवर्कचं रॅक केव्हा सरकवायचं, आणि कुठल्या परिस्थितीत सरळ सांगावं लागतं की नाही जमणार, ऑफिस बंदच ठेवा. हे वाचणारा माणूस कोण असेल? एखादा ॲडमिन मॅनेजर, ज्याला साहेबांनी सांगितलंय चौकशी कर, किंवा साहेब स्वतः. वाचक अगदी मोजके येतील, बाल्कनीवाल्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत. येऊ देत. त्यातल्या एकाने फोन केला तरी काम आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त खटकली. तुमच्या पोस्टच्या खाली लिहिलंय "अधिक माहितीसाठी संपर्क साधा". अहो एवढी माहिती वाचून झाल्यावर अजून माहिती कोणाला हवीये? हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. काम हवंय तर काम मागा, आणि समोरच्याने नक्की काय करायचं, त्याबदल्यात त्याला काय मिळणार, कधी मिळणार, हे सगळं तिथेच सांगा. उदाहरणार्थ असं लिहून बघा : "तुमच्या ऑफिसचा फ्लोअर प्लॅन आणि किती माणसं बसतात तेवढं पाठवा. काम चालू ठेवून करता येईल का आणि टप्पे कसे पाडावे लागतील ते आम्ही दोन दिवसांत कळवू. याचे पैसे नाहीत." बघा, यात माहिती द्या-घ्या काही नाही, एक छोटं काम आहे जे तो बसल्या जागी करू शकतो, आणि ज्याच्याकडे फ्लोअर प्लॅनच नाही तो आपोआप गळतो, ते बरंच आहे. हे पोस्टच्या शेवटी तर टाकाच पण मध्येही एकदा टाका, जिथे तुम्ही सगळ्यात किचकट भाग समजावलाय तिथे, कारण तिथेच वाचणाऱ्याला वाटतं बापरे हे आपल्याच्याने नाही व्हायचं.

व्हॉट्सॲपची लिंक देत असाल तर डब्ल्यूए डॉट मी वाली द्या, त्यात नंबर देशाच्या कोडसकट पण प्लस आणि सुरुवातीची शून्यं काढून टाकायचा. त्याच लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज भरून ठेवता येतो. प्रत्येक पोस्टसाठी तो वेगळा ठेवा, "ऑफिस चालू ठेवून काम करण्याबद्दल विचारायचं होतं" असा. मग मेसेज आला की कुठल्या पोस्टवरून आला ते न विचारता कळतं. बाल्कनीची पोस्ट राहू दे तशीच, काही खात नाही.

प्रश्न : मी छोट्या कंपन्यांना स्टॉक आणि हिशोबाच्या एक्सेल शीट्स बनवून देतो. ब्लॉगवर फॉर्म्युल्यासकट सगळं सांगतो. मित्र म्हणतात येडा आहेस, सगळं फुकट दिलंस तर पैसे कोण देईल? हात राखून लिहावं का?

उत्तर : हात राखून लिहिलेलं लगेच कळतं हो. अर्धं सांगून "बाकीचं फोनवर" असं म्हणणारा लेख वाचून माणूस चिडतो आणि पुढच्या लिंकवर जातो. जो तुमचा फॉर्म्युला उचलून स्वतः करणार आहे तो तसाही तुम्हाला पैसे देणार नव्हता. पैसे देणारा वेगळा, त्याला फॉर्म्युला वाचून एवढंच कळतं की या माणसाला येतं, आणि माझ्याकडे हे करत बसायला वेळ नाही.

फक्त एक बदल करा. आत्ता तुम्ही फॉर्म्युला कसा लिहायचा ते सांगताय, त्याबरोबर तो कुठे तुटतो तेही सांगा. दोघांनी एकच फाइल आपापल्या कॉम्प्युटरवर सेव्ह केली आणि स्टॉक जुळेना झाला, मध्ये कोणीतरी एक कॉलम घुसवला आणि व्हीलुकअपमधला (टेबलमधून हवी ती माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला) कॉलम नंबर चुकीचा झाला, आयटमचं नाव एका ठिकाणी स्पेस देऊन एका ठिकाणी न देता टाइप झालं म्हणून शोधून सापडेना. धंदेवाल्याला फॉर्म्युला ओळखू येत नाही पण हा वैताग बरोबर ओळखू येतो, कारण तो रोज भोगतोय. तिथे खाली लिहा, "तुमची फाइल पाठवा, नावं-आकडे खोडून पाठवली तरी चालेल, गडबड कुठे आहे ते सांगतो." दुरुस्ती मात्र पैसे घेऊन. शोधून देणं फुकट, करून देणं विकत, एवढी रेघ पक्की ठेवा.

प्रश्न : रेट साइटवर टाकावेत का? प्रत्येक काम वेगळं असतं आमचं, आणि कॉम्पिटिशनवाले बघतात ना.

उत्तर : कॉम्पिटिशनवाल्यांना तुमचे रेट आधीच माहीत आहेत, माहीत नाहीत ते फक्त गिऱ्हाइकाला.

अमेरिकेत मार्कस शेरिडन म्हणून आहेत, फायबरग्लासचे स्विमिंग पूल बसवणाऱ्या कंपनीचे भागीदार. 2008 च्या मंदीत कंपनी बुडायला आली होती तेव्हा त्यांनी ब्लॉगवर गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची सरळ उत्तरं द्यायला घेतली, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली पोस्ट होती असा पूल बसवायला किती खर्च येतो. एक आकडा त्यांनाही सांगता येत नव्हता, प्रत्येक पूल वेगळाच, पण खर्च कशाकशाने वाढतो-कमी होतो ते मोकळेपणाने लिहिलं. त्या पोस्टने कंपनीला चिक्कार काम मिळवून दिलं आणि पुढे शेरिडन याच विषयावर जगभर भाषणं द्यायला लागले.

तुम्हीही तसंच करा, साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत अशी रेंज द्या आणि मग कुठली गोष्ट आली की रेंजच्या वरच्या टोकाला जातं ते समजावून सांगा. आणि अमुक रकमेपेक्षा छोटं काम आम्ही घेत नाही हेही लिहा, लाजू नका. चौकशा थोड्या कमी होतील, पण "रेट ऐकला आणि गायब झाला" हा प्रकार बराच थांबेल, आणि तुमची संध्याकाळ वाचेल.

प्रश्न : माझं उलटं आहे. साइटवरचे चौकशीचे फॉर्म रोज भरून येतात, पण निम्मे स्पॅम आणि उरलेले नुसतं "प्लीज कॉल" लिहिणारे. जे खरे वाटतात त्यांना मी सवडीने फोन करतो तर म्हणतात दुसऱ्याला दिलं काम.

उत्तर : दादा, "सवडीने" हा शब्द तुम्हीच लिहिलाय!

2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक पाहणी छापून आली होती. अमेरिकेतल्या 2,241 कंपन्यांना ऑनलाइन चौकशी केल्यावर त्या किती वेळात उत्तर देतात ते तपासलं, तर तासाभरात उत्तर देणाऱ्या 37 टक्के निघाल्या आणि 23 टक्क्यांनी तर उत्तरच दिलं नाही. ज्या कंपन्या तासाभरात बोलल्या त्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर एक तास उशीर करणाऱ्यांपेक्षाही जवळजवळ सातपट होती. आता तर लोक एका वेळी तीन-चार जणांना मेसेज टाकून ठेवतात, जो आधी बोलला त्याच्याशी बोलणं सुरू होतं. तुम्ही बाहेर कामात अडकला असाल तर फोन नका करू, पण दोन ओळींचा मेसेज तरी टाका की मिळालं, संध्याकाळी सहाला फोन करतो. आणि सहाला करा म्हणजे झालं.

फॉर्मचं म्हणाल तर स्पॅमसाठी हनीपॉट लावून घ्या, म्हणजे माणसाला न दिसणारी एक रिकामी चौकट असते, बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारा प्रोग्राम, ती भरतो आणि पकडला जातो. बहुतेक फॉर्मच्या प्लगइनमध्ये ही सोय असते, माणसाला ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला लावायची गरज नाही. नुसतं "प्लीज कॉल" येतं कारण तुमच्या फॉर्ममध्ये "तुमचा मेसेज" अशी एक भली मोठी कोरी चौकट असणार, आणि कोरी चौकट दिसली की माणसाला काही सुचत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा : काय करून हवंय, कधीपर्यंत हवंय, आधी कोणाकडून करून घेतलं होतं का. मग नाव आणि नंबर. जन्मतारीख, पत्ता, कंपनीत किती वर्षं वगैरे काही नको, तुम्ही नोकरी देत नाही आहात त्याला.

प्रश्न : साइट उघडली की लगेच पॉपअप यावा असं मला वेब डिझायनरने सांगितलं, ईमेल गोळा होतात म्हणे. लावू का?

उत्तर : नको. माणसाने अजून एक ओळ वाचली नाही आणि तुम्ही आडवे. शिवाय मोबाइलवर सर्चमधून आल्या आल्या अख्खा मजकूर झाकणारे पॉपअप गूगललाही आवडत नाहीत, 10 जानेवारी 2017 पासून अशी पानं रँकिंगमध्ये खाली जाऊ शकतात. ईमेल हवेत तर पोस्टमध्येच एखादी कामाची चेकलिस्ट ठेवा आणि ती मेलवर पाठवतो म्हणा. पण मेल गोळा करून पुढे काही पाठवणारच नसाल तर तोही खटाटोप कशाला.

प्रश्न : आता गूगल वरच एआयचं उत्तर दाखवतं, लोक खाली येतच नाहीत. मग ब्लॉगला अर्थ काय राहिला?

उत्तर : "अमुक म्हणजे काय" छाप पोस्टना फारसा राहिला नाही, खरंय. हे वर दिसणारं उत्तर, म्हणजे एआय ओव्हरव्ह्यू, 2024 च्या मे महिन्यात अमेरिकेत आधी सगळ्यांसाठी आलं, मग बाकीकडे, आणि असल्या प्रश्नांची उत्तरं ते वरच देऊन टाकतं. पण त्या पोस्टमधून काम तसंही कधी येत होतं? तुम्ही स्वतः केलेलं काम, त्यात काय अडलं, कसं सोडवलं, किती वेळ गेला, आधीचे-नंतरचे फोटो, हे तुम्ही लिहिल्याशिवाय कुठल्याच एआयला माहीत असायचं कारण नाही, आणि काम देणारा माणूस पैसे द्यायच्या आधी तेच शोधतो.

फक्त मोजायची पद्धत बदला. पानावर किती आले ते महिन्यातून एकदा बघितलंत तरी पुरे. त्यापेक्षा फॉर्म भरल्यावर उघडणारं थँक यू पेज वेगळं ठेवा आणि गूगल ॲनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं टूल) ते की इव्हेंट, म्हणजे वेगळी मोजायची महत्त्वाची घटना, म्हणून लावा, म्हणजे किती चौकशा आल्या आणि त्या कुठल्या पानावरून सुरू झाल्या ते दिसेल. हल्ली बरेच लोक एआयमध्ये किंवा कोणाच्या ग्रुपवर तुमचं नाव वाचून थेट येतात, त्यांचा माग ॲनालिटिक्सला नीट लागत नाही, म्हणून फॉर्ममध्ये "आमच्याबद्दल कुठून कळलं" हेही विचारा. त्याला ड्रॉपडाउन मात्र देऊ नका, लोक पहिला ऑप्शन दाबून मोकळे होतात. टाइप करू द्या.