तळाला ना नाव, ना लेबल: ब्रिटिश कलात्मक काच कशी ओळखावी?

आपण लिहिले आहे की, आईने १९७०च्या दशकात लंडनमध्ये घेतलेली, झाडाच्या सालीसारख्या खडबडीत पोताची नारिंगी फुलदाणी आपल्याकडे आहे. परंतु तळाला शिक्काही नाही आणि लेबलही नाही, तेव्हा ती कोणाची हे कसे ठरवावे. खूण नाही म्हणजे ओळख पटणे कठीण, हे आपण गृहीत धरले आहे आणि नेमके तेच मला मान्य नाही.

आपण केलेले वर्णन व्हाइटफ्रायर्स या लंडनच्या काचकारखान्याच्या मालाला तंतोतंत लागू पडते. तिथले रचनाकार जेफ्री बॅक्स्टर यांनी साच्यांच्या आत झाडाची साल, तार, खिळे, विटा असे काहीबाही लावून जी खडबडीत मालिका घडवली, ती १९६७ मध्ये बाजारात आली आणि ‘टँजरीन’ हा नारिंगी रंग त्यानंतर लवकरच तिच्यात दाखल झाला. या कारखान्याने आपल्या मालावर नाव कोरण्याची तसदी क्वचितच घेतली. पांढऱ्या झग्यातल्या साधूचे चित्र असलेले कागदी लेबल तेवढे असे, आणि ते पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच निघून जाई. मी लंडनच्या हॅरो भागात राहतो. इथल्याच वील्डस्टोन भागात १९२३ पासून १९८० साली बंद पडेपर्यंत हा कारखाना होता, त्यामुळे आसपासच्या जुन्या घरांतून आणि धर्मादाय दुकानांतून ही काच अजूनही निघते, आणि ती बहुतेक वेळा बिनलेबलाचीच असते.

हे इतक्या तावातावाने लिहिण्याचे कारण म्हणजे आमचे साडू. ‘लेबल नाही तर वस्तू कवडीमोल’ हा त्यांचा सिद्धांत असून तो ते प्रत्येक कौटुंबिक जेवणात ऐकवतात. एकदा जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्यांनी निळी फुलदाणी आणली. तळाला साधूचे लेबल अगदी ठळक होते आणि विक्रेत्याने त्या लेबलाचेच पैसे घेतले होते, असे मी आजही म्हणतो. मी ती खिडकीपाशी नेऊन दहापट भिंगाखाली पाहिली. वर्षानुवर्षे टेबलावर सरकल्यामुळे तळाला जे बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे ओरखडे पडतात, ते लेबलाच्या कडेशी थांबत नव्हते. ते सरळ कागदाखाली शिरत होते आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडत होते. म्हणजे फुलदाणी आधी झिजली आणि लेबल नंतर चिकटले. शिवाय काच एकाच थराची होती. व्हाइटफ्रायर्सच्या त्या खडबडीत फुलदाण्यांमध्ये रंगीत काचेवर पारदर्शक काचेचा थर असतो आणि तोंडाची कड आडवी धरून पाहिली की ते दोन थर वेगळे दिसतात. हे सगळे दाखवल्यावर साडूंनी शांतपणे चहा मागवला आणि ‘पण लेबल तर खरे आहे ना!’ असे उत्तर दिले. लेबल खरे असेलही. कारखाना बंद झाल्यावर व्हाइटफ्रायर्स हे नाव स्कॉटलंडच्या केथनेस ग्लास या काचकंपनीने घेतले आणि ते पेपरवेटसाठी वापरले, हे सांगण्याची संधी मात्र मला मिळाली नाही, कारण विषय बदलण्यात आला.

स्कॉटलंडचीच आणखी एक गोष्ट घ्या. पर्थच्या मॉनक्रीफ कारखान्यात साल्वादोर यझार्ट यांनी १९२४ पासून घडवलेली मोनार्ट काच संग्राहक डोक्यावर घेतात, पण तिलाही कागदी लेबलापलीकडे खूण नसे. ती ओळखतात तळाच्या मध्यभागी घासून सपाट केलेल्या गोल जागेवरून आणि आतल्या रंगकणांच्या भोवऱ्यांवरून. पुढे त्याच घराण्याच्या व्हासार्ट काचेवर नाव कोरलेले सापडते, आणि स्ट्रॅथर्न या दुसऱ्या स्कॉटिश काचेच्या तळाला उसळी मारणाऱ्या सॅमन माशाचा ठसा असतो. म्हणजे ज्या मोनार्टला सर्वाधिक मान आहे, तीच बहुधा अनामिक असते.

आता न्यायाची बाजूही मांडतो. साच्यात दाबून बनवलेल्या काचेत शिक्का काचेबरोबरच उमटतो, म्हणून तो बराच भरवशाचा असतो: इंग्लंडमधल्या गेट्सहेडच्या सोवर्बी कारखान्याचे मोराचे मस्तक, किंवा १८४२ ते १८८३ या काळातला चौकटीच्या एक्क्यासारखा नोंदणीचा ठसा, आणि १८८४ पासूनचे ‘आरडी’ (रजिस्टर्ड) म्हणजे नोंदणीचे क्रमांक. मात्र त्यावरून नक्षीची नोंदणी कधी झाली एवढेच कळते. तो नग कधी बनला हे कळत नाही, कारण एकच साचा अनेक वर्षे वापरात राही. स्टुअर्टसारख्या कारखान्यांनी तळाला आम्लाने नाव उमटवले आहे, परंतु असे नाव मागाहूनही उमटवता येते, हे लक्षात ठेवावे.

आपल्या फुलदाणीची उंची मोजा. सालीच्या पोताची ती सरळ, ओंडक्यासारखी फुलदाणी साधारण ६, साडेसात आणि ९ इंचांत निघत असे. मग तोंडाची कड उजेडात धरून थर पाहा. बाजारात नकलाही फिरतात आणि केवळ माझ्या वर्णनावरून निकाल लागणार नाही, म्हणून विकण्याचा विचार असेल तर काचेचे स्वतंत्र लिलाव घेणाऱ्या एखाद्या संस्थेला फोटो पाठवा, त्यात तळाचा फोटो अवश्य असू द्या. आणि कोणी नातेवाईक ‘लेबल कुठे आहे?’ असे विचारू लागला, तर त्याच्या हातात भिंग द्या.